विजेचा आकडा छापताना त्याची दिशाही छापा

मा. संपादक,

स. न.

गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या एका सौर प्रकल्पाची बातमी आली होती. सौर कृषी वाहिनी योजनेतला हा प्रकल्प, शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळणार, म्हणजे आनंदाचीच गोष्ट. बातमीत मात्र ‘पाच मेगावॅट प्रति तास वीज निर्माण होईल’ असे वाक्य होते. त्याच आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी विचारले होते, की छतावर सोलर बसवल्यावर बिल कमी व्हायचे ते वाढले कसे? या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. विजेच्या आकड्याला एकक लागते आणि चिन्हही लागते, म्हणजे वीज कुठल्या दिशेने गेली हे सांगणारे अधिक किंवा उणे. दोन्हींपैकी एक सुटले तरी तो आकडा दिशाभूल करतो. मी आयुष्यभर पारेषणाच्या चाचणी विभागात काम केले. रिले (दोष दिसताच वाहिनी किंवा यंत्र बंद करायला लावणारे उपकरण), सीटी आणि पीटी (मोठा प्रवाह आणि मोठे व्होल्टेज मोजण्याजोगे लहान करून देणारी उपकरणे) आणि मीटर तपासणे हीच नोकरी. निवृत्तीनंतर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना पॉवर सिस्टिमच्या प्रकल्पात मदत करते. त्यामुळे हा विषय मला रोज भेटतो, आणि त्यावर सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी एककाचे बघू. मेगावॅट हा स्वतःच वेग आहे, त्याला पुन्हा ‘प्रति तास’ जोडायचे नसते. ५ मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण ताकदीने एक तास चालला तर ५ मेगावॅट-तास, म्हणजे ५,००० युनिट वीज तयार होते. आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट देते, दिवसाला चारेक. त्या हिशेबाने हा प्रकल्प दिवसाला वीस हजार युनिटच्या आसपास जाईल. बातमी वाचून आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याने तासाला पाच म्हणजे चोवीस तासांत एकशेवीस, असा गुणाकार केला आणि आता तालुक्याला भारनियमन नाही असे ठरवून टाकले. त्याचा काय दोष? छापून आलेल्या वाक्यावरून हाच गुणाकार निघतो.

ही गफलत फक्त बातम्यांत होते असे नाही. वीजजाळ्याचे नियंत्रण जिथून चालते त्या भार प्रेषण केंद्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून हिशेब ठेवतात. एका भागात सरासरी ४०० मेगावॅट उचलले तर ऊर्जा होते १०० मेगावॅट-तास. चारने भागायचे राहिले की रक्कम चौपट होते. तरीही एककाची चूक बहुधा लवकर सापडते, कारण चौपट किंवा हजारपट आकडा डोळ्यांत खुपतो. चिन्हाची चूक तशी खुपत नाही. अधिकच्या जागी उणे पडले तरी आकडा तोच दिसतो, सहीसुद्धा होऊन जाते.

आता त्या वाचकांच्या बिलाकडे येते. त्यांचे मीटर मी पाहिलेले नाही. पण आमच्या शेजारच्या घरात हेच झाले होते, आणि ते मी स्वतः तपासले. पॅनेल बसले, इन्व्हर्टर जोडला, आणि दोन्ही दिशा मोजणारे नेट मीटर येण्याआधीच बसवणाऱ्या माणसाने यंत्रणा सुरू करून दिली. भिंतीवर जुनेच एकदिशा मीटर होते. आपल्याकडच्या अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरांत अशी सोय केलेली असते, की प्रवाह उलटा वाहिला तरी नोंद सुलटीच व्हावी. याचे कारण वीजचोरी. पूर्वी लोक मीटरच्या येण्या-जाण्याच्या तारा बदलून चक्री उलटी फिरवत, त्याला बसवलेला हा आळा. मीटरला फक्त आकार कळतो, चिन्ह तो टाकून देतो. मग भर दुपारी घरात माणूस नाही, पंखे बंद, छतावरची सगळी वीज बाहेर चाललेली, आणि मीटर तीच वीज घरात वापरली म्हणून मोजत बसलेले. जितके ऊन कडक तितके बिल मोठे. म्हणून माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे, की नेट मीटर बसेपर्यंत सोलरचा स्विच बंद ठेवा, बसवणारा कितीही घाई करो. नेट मीटर बसल्यावर त्याच्या पडद्यावर फिरत येणाऱ्या आकड्यांत १.८.० आणि २.८.० असे क्रमांक दिसतील. पहिला म्हणजे ग्रिडकडून तुमच्याकडे आलेली वीज, दुसरा म्हणजे तुमच्याकडून ग्रिडला गेलेली. दर महिन्याला दोन्ही वहीत लिहून ठेवा आणि बिलाशी ताडून पाहा.

इथे आयात-निर्यात कोणाच्या बाजूने, हा प्रश्न येतोच. बँकेच्या पासबुकात आपले जमा ते बँकेच्या वहीत देणे असते, तसेच हे आहे. सौर प्रकल्पाची निर्यात ती सबस्टेशनची आयात. महिन्याच्या शेवटी दोन्ही बाजूंची माणसे मीटरसमोर उभी राहून जॉइंट रीडिंग घेतात, त्या कागदावर ‘इम्पोर्ट’ आणि ‘एक्स्पोर्ट’ असे दोन रकाने असतात. कोणाची इम्पोर्ट, ते अनेक कागदांवर लिहिलेलेच नसते. वर्षानुवर्षे तीच दोन माणसे असतील तर चालून जाते. बदली झाली, नवा माणूस आला, की रकाने उलटे भरले जातात. त्याऐवजी ‘प्रकल्पाकडून सबस्टेशनकडे’ आणि ‘सबस्टेशनकडून प्रकल्पाकडे’ एवढे लिहिले तर कोणाला काही विचारावे लागणार नाही.

चाचणी विभागात आम्हाला हे चिन्ह अक्षरशः हाताने तपासावे लागे. सीटीवर पी१-पी२ आणि एस१-एस२ अशा खुणा असतात; पी म्हणजे प्राथमिक, मोठ्या प्रवाहाची बाजू, आणि एस म्हणजे दुय्यम, मीटरकडची बाजू. प्राथमिक बाजूला पी१ ला बॅटरीचे धन टोक लावायचे, दुय्यम बाजूला एस१ ला काट्याच्या मिलिअँपिअर मीटरचे धन टोक, आणि बॅटरीची तार पी२ ला क्षणभर टेकवायची. तार टेकताच काटा उजवीकडे उडाला तर खूण बरोबर. डावीकडे उडाला तर एक तर खुणा चुकल्या आहेत, नाहीतर आतली वायरिंग. तार उचलताना काटा उलट उडतो, म्हणून टेकवतानाच बघायचे. या तपासणीला काही सेकंद लागतात. ती टाळली आणि एका फेजची सीटी उलटी राहिली, तर दोन्ही बाजूंच्या प्रवाहांत फरक पडला की ट्रान्सफॉर्मर बंद करणाऱ्या डिफरेन्शियल रिलेला त्यांच्या वजाबाकीऐवजी बेरीज दिसते. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत असतो, पण भार थोडा वाढताच रिले त्याला बंद करतो. रात्री बारा वाजता आख्खा तालुका अंधारात जातो आणि सकाळपर्यंत लोक ट्रान्सफॉर्मरच्या तेलात दोष शोधत राहतात.

आजवर आपल्या गावांकडची वीज एकाच दिशेने वाहायची. वरून खाली, ३३ केव्हीकडून (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) ११ केव्हीकडे, तिथून पंपाकडे. म्हणून चिन्हाकडे दुर्लक्ष केले तरी निभावून गेले. आता सौर प्रकल्प ११ केव्हीवर जोडले जात आहेत. हिवाळ्यातल्या दुपारी पाण्याची पाळी नसली तर पंप बंद, प्रकल्प पूर्ण जोरात, आणि ट्रान्सफॉर्मरमधून वीज खालून वर चढते. हे चांगलेच आहे, पण जुनी यंत्रणा याच्यासाठी मांडलेली नाही. व्होल्टेज कमी-जास्त करण्यासाठी ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलणाऱ्या नियंत्रकाला काही ठिकाणी असे शिकवलेले असते, की प्रवाह वाढला म्हणजे लांबच्या टोकाला व्होल्टेज पडले असणार, तेव्हा टॅप वर न्या. प्रवाह उलटा असताना वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज आधीच चढलेले असते, आणि हा नियंत्रक ते आणखी चढवतो. वाहिनीची गळती काढतानाही तेच. वाहिनीवर गेलेली वीज वजा बिलात आलेली वीज, हा साधा हिशेब आहे. यात दुपारी परत आलेली वीज उणे म्हणून धरली नाही, तर गळती खोटी फुगते आणि त्या गावावर वीजचोरीचा शिक्का बसतो. प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या गावाला असा शिक्का बसणे मला सहन होत नाही.

यापुढचा मुद्दा उद्योजकांसाठी आहे, आणि तो थोडा विस्ताराने सांगते, कारण त्यात खरोखर पैसे जातात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल २०२० पासून केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर) येते. म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटबरोबर, स्वतः काम न करणारी पण चुंबकीय क्षेत्र उभे करायला लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह वीजही हिशेबात धरली जाते. मोटर, कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर रिअ‍ॅक्टिव्ह वीज घेतात, तो लॅग. कपॅसिटर ती देतो. गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर चालू राहिला की लीड. दोघांची चिन्हे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कोणीही शिकलेला माणूस म्हणेल, की मग महिन्याच्या शेवटी एकातून दुसरा वजा होत असेल. तसे होत नाही. बिलाच्या सूत्रात लॅग आणि लीड यांची बेरीज केली जाते, त्या बेरजेचा वर्ग युनिटच्या वर्गात मिळवला जातो आणि वर्गमूळ काढले जाते.

तासगावजवळच्या बेदाण्याच्या एका शीतगृहाच्या मालकांनी मला बिल दाखवले, तेव्हा हाच प्रकार होता. त्यांचे आकडे इथे देत नाही, गोल आकड्यांत सांगते. समजा महिन्याचा वापर ३०,००० युनिट, लॅग ४,००० आणि लीड ८,०००. वजाबाकी होईल असे धरले तर ४,००० उरतात आणि केव्हीएएच येतात सुमारे ३०,२६५. प्रत्यक्षात बेरीज १२,००० होते आणि केव्हीएएच येतात सुमारे ३२,३११. दोन हजारांवर युनिटचा फरक, तोही दर महिन्याला. हंगाम नसताना निम्मे कॉम्प्रेसर बंद असतात, रात्री तर एखादाच चालतो, पण कपॅसिटर बँक मात्र हंगामात लावलेली तशीच पूर्ण चालू. दिवसाचा लॅग भरून निघावा म्हणून मालकांनी आणखी कपॅसिटर लावले होते. त्यामुळे रात्रीचा लीड वाढला आणि बिल आणखी चढले. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे झाले. त्यांना हवे होते ते भार पाहून कपॅसिटरचे टप्पे आपोआप चालू-बंद करणारे पॅनेल, किंवा तोवर निदान रात्रपाळीच्या माणसाने हाताने टप्पे काढायची शिस्त.

हा नियम अन्यायाचा आहे का? माझ्या मते नाही. दुपारचा लॅग वाहिनीचे व्होल्टेज पाडतो आणि रात्रीचा लीड ते चढवतो. जाळ्याला त्रास दोन्ही वेळा होतो, आणि रात्रीचे चढलेले व्होल्टेज दुपारच्या पडलेल्या व्होल्टेजला उपयोगी पडत नाही. चढलेले व्होल्टेज किती महागात पडते ते २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालने पाहिले. व्होल्टेज वाढत गेले, त्यामुळे केंद्रे एकामागून एक सुटली आणि दोन देश अंधारात गेले. आपल्याकडेही रात्री भार कमी झाला की व्होल्टेज आवरण्यासाठी अतिउच्चदाबाच्या काही वाहिन्या मुद्दाम बंद ठेवाव्या लागतात. तेव्हा चिन्ह सोडून बेरीज करणे हा जाणूनबुजून घेतलेला, रास्त निर्णय आहे. माझी तक्रार एवढीच, की ते सूत्र ग्राहकाला बिलावर साध्या मराठीत छापून मिळाले पाहिजे. ‘लॅग आणि लीड यांची बेरीज केली आहे’ ही सात शब्दांची ओळ वाचायला मिळाली असती, तर त्या मालकांनी जादा कपॅसिटरवर पैसे घातले नसते.

आता महाविद्यालयाकडे वळते. मुले संगणकावर वीजजाळ्याचे प्रतिरूप मांडतात. हुशार मुले असतात, भराभर आकडे भरतात. मी पहिल्या बैठकीत दोनच प्रश्न विचारते. तुमच्या फाइलीत अधिक म्हणजे कुठून कुठे? आणि पर युनिट, म्हणजे एका ठरलेल्या पायाच्या प्रमाणात लिहिलेले आकडे, कुठल्या पायावर? पुष्कळदा दोन्हींना उत्तर नसते. ४००/२२० केव्हीच्या ३१५ एमव्हीए (क्षमतेचे एकक) ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर १२.५ टक्के इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, लिहिलेला असतो. तो त्याच्या स्वतःच्या ३१५ च्या पायावर. सगळे जाळे १०० एमव्हीएच्या पायावर मांडले असेल तर तो साधारण ३.९७ टक्के होतो. पाटीवरचा आकडा तसाच उतरवला, तर त्या ट्रान्सफॉर्मरमधून येणारी शॉर्टसर्किट क्षमता २,५२० एमव्हीएच्या जागी ८०० दिसते. त्या भरवशावर कोणी ब्रेकर निवडला, तर खऱ्या दोषाच्या वेळी तो प्रवाह तोडू शकणार नाही आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल.

चिन्हाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सौर प्रकल्पासाठी वेगळा घटक न घेता मुले त्याला उणे भार म्हणून टाकतात. उणे ५ मेगावॅट, ठीक. पण भाराच्या चौकटीत आधीपासून ०.९५ लॅग असा पॉवर फॅक्टर भरलेला असतो, तो तसाच राहतो. मग रिअ‍ॅक्टिव्हलाही उणे चिन्ह लागते आणि प्रकल्प जाळ्याला १.६४ एमव्हीएआर (अशा विजेचे एकक) देतो आहे असे प्रतिरूपात दिसते. जागेवरचा इन्व्हर्टर व्होल्टेज आवरण्यासाठी तेवढेच एमव्हीएआर घेत असतो. एका चिन्हाने ३.२८ एमव्हीएआरचा फरक पडला. ११ केव्हीच्या लांब वाहिनीवर एवढ्याने व्होल्टेजचा सगळा निष्कर्ष फिरतो. लॅग हा शब्दच इथे दगा देतो, कारण भार लॅगवर असला तर तो रिअ‍ॅक्टिव्ह वीज घेतो आणि जनित्र लॅगवर असले तर देते. म्हणून मी मुलांना लॅग-लीड लिहूच देत नाही. ‘देतो’ किंवा ‘घेतो’ असे लिहा, पुढे एमव्हीएआर लिहा.

देशाच्या पातळीवर हे काम नीट झाले आहे, तेही सांगायला हवे. २०२३ च्या भारतीय वीज ग्रिड संहितेत एखाद्या क्षेत्राची नियंत्रण-चूक, म्हणजे त्याने निर्मिती किती वाढवायची किंवा कमी करायची तो आकडा, काढण्याचे सूत्र दिले आहे. प्रत्यक्ष देवघेवीतून ठरलेली देवघेव वजा करायची, आणि त्यातून दहा गुणिले वारंवारता-गुणांक (वारंवारता ढळली तर क्षेत्राने किती मेगावॅटने साथ द्यायची तो आकडा) गुणिले वारंवारतेतला फरक वजा करायचा. संहिता तिथेच सांगते, की देवघेव बाहेर जाणारी असेल तर अधिक, आणि गुणांक उणे चिन्हाचा, मेगावॅट प्रति ०.१ हर्ट्‌झ या एककात. सूत्रातला तो दहाचा आकडा या ०.१ पायीच आलेला आहे. समजा एका राज्याने ३,००० मेगावॅट बाहेरून घ्यायचे ठरले होते आणि ते ३,२०० घेते आहे. वारंवारता ५० हर्ट्‌झऐवजी ४९.९५, गुणांक समजा उणे १००. ठरलेली देवघेव उणे ३,०००, प्रत्यक्ष उणे ३,२००, फरक उणे २००. वारंवारतेचा भाग उणे ५०. एकूण उणे २५०, म्हणजे त्या राज्याने २५० मेगावॅट निर्मिती वाढवायची. आता कोणी आपल्या सवयीने घेतलेली वीज अधिक धरली, तर उत्तर येते अधिक १५०, म्हणजे निर्मिती कमी करा. वारंवारता आधीच घसरलेली, आणि यंत्र केंद्रांना सांगते आहे की आणखी खाली या. गुणांक मेगावॅट प्रति हर्ट्‌झमध्ये, म्हणजे उणे १,००० असा भरला, तर पन्नासचे पाचशे होतात. असे संदेश आता दर चार सेकंदांनी आपोआप केंद्रांपर्यंत जातात; जानेवारी २०१८ मध्ये दादरी केंद्रावर त्याची पहिली चाचणी झाली. मध्ये थांबून विचार करायला माणूस नसतो. म्हणून चिन्ह आणि एकक संहितेतच बांधून ठेवले, हे फार शहाणपणाचे झाले.

अकोले तालुक्यातला घाटघरचा जलविद्युत प्रकल्प ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही दिशेची गोष्ट डोळ्यांनी दिसते. १२५ मेगावॅटचे दोन संच. मागणीच्या वेळी वरच्या जलाशयातले पाणी कोकणकड्याखाली उतरते आणि वीज तयार होते. मागणी कमी असताना तेच यंत्र ग्रिडची वीज घेऊन तेच पाणी परत वर चढवते. यंत्र एक, पाणी एक, तार एक, फक्त चिन्ह बदलते. पंप म्हणून चालताना चाक उलट्या दिशेने फिरवावे लागते, म्हणून दोन फेज आपसात बदलणारे स्विच असतात, आणि कुठल्या दिशेने काम चालू आहे हे संरक्षणाच्या रिलेलाही कळवावे लागते. नाही कळवले तर फेजचा क्रम उलटा दिसून रिले यंत्राला बिघडलेले समजेल. पाणी चढवायला लागणारी वीज ते उतरताना मिळणाऱ्या विजेपेक्षा नेहमीच जास्त असते, म्हणून दिवसाची निव्वळ बेरीज उणे येते. असा आकडा पाहून हा प्रकल्प तोट्यात आहे असे कोणी लिहिले, तर तो प्रकल्प कशासाठी आहे हेच समजलेले नाही. आणि चिन्ह टाकून दोन्ही आकडे मिळवले, तर जी वीज त्याने खाल्ली तीही त्याने दिली असे होते. महाराष्ट्रात असे आणखी प्रकल्प होऊ घातले आहेत, बॅटऱ्याही येत आहेत. बॅटरीच्या बातमीत तर मेगावॅट आणि मेगावॅट-तास दोन्ही लागतात. १०० मेगावॅट, २०० मेगावॅट-तास म्हणजे पूर्ण जोरात दोन तास. एकच आकडा दिला तर वाचकाला काहीच कळत नाही.

जुलै २०१२ मधला अंधार पुष्कळांच्या स्मरणात असेल. ३० तारखेला उत्तर विभाग गेला, ३१ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य. आपला पश्चिम विभाग वाचला. दोन्ही दिवशी सुरुवात बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनी सुटण्याने झाली, आणि त्या वाहिनीवर दोष नव्हता. पश्चिमेकडून उत्तरेकडे भार इतका वाहत होता आणि व्होल्टेज इतके उतरले होते, की रिलेच्या तिसऱ्या झोनला, म्हणजे सर्वांत दूरचे दोष पाहणाऱ्या टप्प्याला, तो भार दूरच्या दोषासारखा भासला. बिनाच्या टोकाला हा भार पुढच्या दिशेचा, ग्वाल्हेरच्या टोकाला तोच मागच्या दिशेचा. रिले नेमका कुठल्या टोकाला फसेल, हे वीज कोणीकडे चालली आहे त्यावर ठरते. आजही मी मुलांना झोन तीनची मर्यादा काढायला देते तेव्हा आधी वाहिनीवर बाण काढायला लावते. मग ओहम प्राथमिक बाजूचे की दुय्यम, ते लिहायला लावते. सीटी १०००/१ आणि पीटी ४०० केव्हीला ११० व्होल्ट असेल, तर वाहिनीवरचे १०० ओहम रिलेला २७.५ दिसतात.

संपादक महोदय, आपल्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. विजेच्या बातमीत क्षमता मेगावॅटमध्ये आणि तयार झालेली किंवा वापरलेली वीज युनिटमध्ये द्यावी, ‘प्रति तास’ कुठेही लावू नये. राज्याने वीज ‘घेतली’ की ‘दिली’, हे आकड्याच्या शेजारी त्याच वाक्यात असावे. आणि छतावर सोलर बसवणाऱ्यांसाठी, नेट मीटरआधी यंत्रणा सुरू करू नये अशी चौकट उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे फेब्रुवारीत, एकदा छापावी. चौकटीचा मजकूर मी लिहून देईन, आणि आपल्या उपसंपादकांना काही शंका असतील तर कार्यालयात येऊन समजावूनही सांगेन. त्या वाचकांनी बिल आणि मीटरवरच्या दोन्ही आकड्यांचे फोटो आपल्याकडे पाठवले, तर ते माझ्यापर्यंत पोचवावेत. सोलर कुठल्या तारखेला सुरू झाले आणि मीटर कुठल्या तारखेला बदलले, या दोन तारखाही त्यांना कळवायला सांगा. त्याशिवाय हिशेब लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त चाचणी अभियंता, कराड